पट कोणाचा?

खेळ संपणे आणि खेळ नाहीसा होणे या दोन गोष्टींत अंतर आहे. आपल्या घरोघरी जे खेळ खेळले गेले, ते संपत असत; नाहीसे होत नसत. सारीपाटाचा डाव मोडला की सोंगट्या पिशवीत जात, पट गुंडाळून फडताळात ठेवला जाई आणि पुढच्या सुटीत तो पुन्हा बाहेर निघे. सागरगोटे हरवले तर नदीकाठचे गोल खडे चालत. पत्त्यांच्या कॅटमधले एखादे पान गहाळ झाले, तर जोकरच्या पानावर शाईने ‘चौकट अठ्ठी’ असे लिहून त्याला त्या जागी बसवले जाई. तो कॅट कोणत्या छापखान्यात छापला गेला आणि तो छापखाना अजून चालू आहे की नाही, याची चौकशी कोणी करत नसे. पत्ते छापणारा छापखाना बंद पडला म्हणून कोणाच्या ओसरीवरचा बदामसातचा डाव थांबला, असे कधी ऐकिवात नाही.

खेळाला सवंगड्यांखेरीज तीन गोष्टी लागतात : नियम, साहित्य आणि जागा. नियम आजीकडून नातवंडांकडे येत आणि वाटेत थोडे बदलतही. साहित्य एकदा बाजारातून आणले की घरचे होऊन जाई. जागा म्हणजे कोणाचेही अंगण. या तिन्हींवर खेळणाऱ्यांचा ताबा होता, आणि तो इतका सहज होता की त्याला ताबा म्हणण्याची वेळही कधी आली नाही. गेल्या सुमारे तीन दशकांत मात्र खेळाचा असा एक प्रकार रूढ झाला आहे की ज्यात या तिन्ही गोष्टी खेळणाऱ्याच्या घराबाहेर, एकाच मालकाच्या हाती असतात. इंटरनेटवरून अनेकांनी मिळून खेळायचे व्हिडिओ गेम हा तो प्रकार. या खेळांविषयी मी लिहिते आहे, त्याला माझे एक खाजगी कारण आहे. ते सांगण्यापूर्वी या खेळांची रचना थोडक्यात पाहणे आवश्यक आहे.

असा खेळ आपण विकत घेतो तेव्हा आपल्या संगणकावर जे उतरते, त्यात चित्रे असतात, आवाज असतात आणि ती चित्रे हलती करणारी यंत्रणा असते. मात्र कोण कोठे उभा आहे, कोणाच्या गाठीला किती नाणी आहेत, दोघांनी एकाच वेळी एक वस्तू उचलली तर ती कोणाची, या प्रश्नांचा निवाडा आपल्या संगणकावर होत नाही. तो दूर कोठेतरी असलेल्या एका सामाईक संगणकावर, म्हणजे सर्व्हरवर होतो. असे करण्याला सबळ कारण आहे. प्रत्येक खेळाडूच्या संगणकाचे म्हणणे खरे मानायचे ठरवले, तर लबाडी करणाऱ्याला रान मोकळे मिळेल. म्हणून सर्वांनी मिळून एका त्रयस्थावर विश्वास ठेवायचा. हा त्रयस्थ एकाच वेळी पंचही असतो, पटही असतो आणि आजवरच्या सगळ्या डावांची नोंदवहीही असतो. सामना संपल्यावर पंच घरी जातो, हे आपण समजू शकतो. येथे मात्र पंच घरी जाताना मैदान गुंडाळून काखोटीला मारतो आणि नोंदवहीही सोबत घेऊन जातो.

माझा धाकटा भाऊ बरीच वर्षे टोरांटोला राहतो. तो गेला तेव्हा परदेशी फोन महाग होते आणि आमचे बोलणे भरभरून होत असे. पुढे फोन जवळजवळ फुकट झाले आणि बोलणे आटत गेले. फोनवर बोलायला विषय लागतो. आईची गुडघेदुखी, बाबांची साखर, सांगलीच्या घराची घरपट्टी हे विषय दहा मिनिटांत संपत. मग ‘बाकी काय?’ असे त्याने एकदा आणि मी एकदा विचारून होई, आणि आम्ही दोघेही सुटल्यासारखे फोन ठेवत असू. आमच्यात दुरावा नव्हता. लहानपणी एका खोलीत तासन्‌तास काही न बोलता बसणारी आम्ही भावंडे होतो, आणि फोनवर गप्प बसण्याची सोय नव्हती, एवढेच.

ही अडचण त्यालाही जाणवत असावी. एका दिवाळीत त्याने मला एका ऑनलाइन खेळाचे खाते उघडून दिले. मी एका महाविद्यालयात ग्रंथपाल आहे. संगणकाची मला सवय होती, पण असल्या खेळांची नव्हती. तो खेळ लढाईचा नव्हता. धुक्याने वेढलेले एक बेट होते. त्याला एक बंदर होते, चढणीची गल्ली होती, बाजार होता. येणाऱ्याने एखादा उद्योग निवडायचा, घर बांधायचे, माल करायचा, दुसऱ्याशी अदलाबदल करायची. भावाने दिवे करण्याचा उद्योग घेतला होता. मी होडी घेतली. शनिवारी सकाळी साडेसहाला चहाचा कप घेऊन मी बसत असे. तेव्हा त्याच्याकडे शुक्रवारची रात्र असे; उन्हाळ्यात त्याचे घड्याळ साडेनऊ तास मागे आणि हिवाळ्यात साडेदहा. मी जाळे टाकीत असे, तो धक्क्यावर बसून दिव्याच्या काचा घडवीत असे. मध्येच तो म्हणे, “ताई, आज आमटीत गूळ जास्त झाला गं.” मग पंधरा मिनिटे कोणी काही बोलत नसे. त्या पंधरा मिनिटांसाठीच मी लवकर उठत असे.

बेटावर आणखी तीस-चाळीस जण नेहमी येणारे होते. पोर्तुगालमधल्या एक निवृत्त शिक्षिका होत्या. त्या बाजारात पाव विकत आणि कोणाकडूनही मोल घेत नसत. पोलंडचा एक ट्रकचालक होता. तो मुक्कामाच्या ठिकाणाहून रात्री उशिरा येई, कोणाशी फारसे बोलत नसे आणि बेटावरच्या पायऱ्या दुरुस्त करून निघून जाई. कोणाचे खरे नाव कोणाला ठाऊक नव्हते. खेळातली नावे पुरेशी होती.

२०२१ च्या एप्रिलमध्ये कॅनडाने भारतातून येणारी थेट प्रवासी विमाने थांबवली. बाबांचा आजार बळावला तो त्याच आठवड्यांत. आलो तर परत केव्हा जाता येईल याचा भरवसा नाही, घरी लहान मूल, अशा कात्रीत भाऊ अडकला आणि येऊ शकला नाही. बाबांचे अंत्यसंस्कार त्याने फोनच्या पडद्यावर पाहिले. दुसऱ्या दिवशी शनिवार होता. मी सवयीने बेटावर गेले. तो आधीच धक्क्यावर होता. त्याने एक दिवा घडवला आणि धक्क्याच्या टोकाला ठेवला. आम्ही काही बोललो नाही. थोड्या वेळाने पाव विकणाऱ्या बाई आल्या. त्यांनी काय झाले ते एका ओळीत विचारले, भावाने एका ओळीत सांगितले. त्यांनी आपल्या घरचा दिवा आणून शेजारी ठेवला. मग एकेक जण येत गेला. मी उठले तेव्हा धक्क्यावर एकतीस दिवे होते.

त्या खेळाचा नियम असा होता की दिव्यात दर आठवड्याला तेल घातले नाही तर तो विझत असे. ते एकतीस दिवे पुढची जवळजवळ दोन वर्षे विझले नाहीत. आम्ही दोघे तेल घालीत होतोच. पण अनेकदा शनिवारी जाऊन पाहावे तो कोणीतरी आधीच घालून गेलेले असे. कोणी, ते कळत नसे. माझा अंदाज ट्रकचालकावर होता.

मग एके दिवशी एक संदेश आला. इतकी वर्षे सोबत केल्याबद्दल त्यात आभार मानले होते, आणि साठ दिवसांनंतर सेवा समाप्त होईल असे कळवले होते. खेळ चालवणारी कंपनी लहान होती, खेळणारे कमी झाले होते, आणि खर्च निघत नसणार हे आम्हाला दिसत होते. भावाने तिला पत्र लिहून विचारले की सर्व्हरची आज्ञावली खेळाडूंना देता येईल का. चालवण्याचा खर्च आम्ही वर्गणी काढून करू, हवे तर किंमतही देऊ. उत्तर सौजन्यपूर्ण होते आणि सर्वांना पाठवलेल्या इतर उत्तरांसारखेच होते. शेवटच्या रात्री बेटावर बरीच गर्दी झाली. ठरल्या वेळी पडद्यावर जोडणी तुटल्याची सूचना आली, आणि त्यानंतर तो खेळ माझ्या संगणकावर एक निरुपयोगी चिन्ह होऊन राहिला. भावाने धक्क्याची दोनशेच्या वर चित्रे घेऊन ठेवली आहेत. ती मी कधी कधी पाहते. चित्र पाहता येते. त्यात तेल घालता येत नाही.

मराठीचा अभ्यास करणाऱ्यांना नाटकाची संहिता आणि नाटकाचा प्रयोग यांतला भेद परिचित आहे. प्रयोग क्षणभंगुर असतो, याचे आपण दुःख करतो, पण तक्रार करीत नाही. कारण संहिता उरते. आज कोणी कोणतेही जुने नाटक हाती घेऊन नव्या नटसंचात उभे करू शकतो. तो पहिला प्रयोग नसतो, पण नाटक तेच असते. अनेकांनी मिळून खेळायचा खेळही असाच रोज नवा होणारा प्रयोग आहे. आमच्या शनिवारच्या सकाळी पुन्हा येणार नाहीत, हे मी मान्य केले आहे. जे मान्य करणे जड जाते ते असे की येथे प्रयोगाबरोबर संहिताही कुलूपबंद होते, नाट्यगृह पाडले जाते, आणि ज्यांना आपल्या खर्चाने नवा प्रयोग लावायचा आहे त्यांनाही तो लावता येत नाही.

माझी गोष्ट लहान आहे. तिच्या जातीच्या मोठ्या गोष्टी जगाने पाहिल्या आहेत. युबिसॉफ्ट या फ्रेंच कंपनीचा ‘द क्रू’ हा मोटारी चालवण्याचा खेळ डिसेंबर २०१४ मध्ये बाजारात आला. संपूर्ण अमेरिकेचा आटोपशीर केलेला नकाशा त्यात होता. न्यूयॉर्कहून निघून लॉस एंजेलिसपर्यंत मोटार हाकत जाता येई. १४ डिसेंबर २०२३ रोजी त्याची विक्री थांबवण्यात आली आणि ३१ मार्च २०२४ रोजी त्याचे सर्व्हर बंद झाले. त्या खेळात एकट्याने करण्यासारखेही पुष्कळ होते, परंतु एकट्याने खेळतानाही सर्व्हरशी जोडणी आवश्यक ठेवलेली होती. त्यामुळे सोबत्यांबरोबरच्या शर्यती संपल्या आणि रिकाम्या रस्त्यावरून एकट्याने फिरणेही संपले. ज्यांनी खेळाची तबकडी पैसे मोजून घेतली होती, त्यांच्या कपाटात ती तबकडी अजून असेल. सर्व्हर बंद झाले तेव्हा तिचा काही उपयोग उरला नाही.

दुसरे उदाहरण मला विशेष हृद्य वाटते. मायक्रोसॉफ्टने आपल्या पहिल्या एक्सबॉक्स यंत्रावरची ऑनलाइन सेवा १५ एप्रिल २०१० रोजी थांबवली. त्या सेवेवर ‘हेलो २’ हा खेळ फार लोकप्रिय होता. सेवा बंद झाली तरी जे आधीच जोडलेले होते, त्यांची जोडणी लगेच तुटली नाही. हे लक्षात येताच काही मोजक्या खेळाडूंनी आपली यंत्रे बंदच केली नाहीत. नवा कोणी आत येऊ शकत नव्हता. आत असलेला बाहेर पडला की परतू शकत नव्हता. एकेकाची जोडणी गळत गेली. शेवटचा खेळाडू तीन आठवड्यांहून अधिक काळ तेथे टिकून होता. मे महिन्यात तोही तुटला. बाहेरच्या माणसाला हा वेडेपणा वाटेल. परंतु दवाखान्यात रात्रभर नुसते बसून राहिलेल्या कोणालाही त्या माणसांचे वागणे समजावून सांगावे लागणार नाही.

तिसरे उदाहरण वेगळ्या शेवटाचे आहे. ‘सिटी ऑफ हीरोज’ हा खेळ २००४ च्या एप्रिलमध्ये सुरू झाला. त्यात प्रत्येक जण आपल्या कल्पनेतला महानायक घडवीत असे. एनसीसॉफ्ट या कोरियन कंपनीने तो ३० नोव्हेंबर २०१२ रोजी बंद केला. बंद होणार असे कळल्यावर खेळाडूंनी विनंत्या केल्या आणि खेळातच एकत्र जमून निदर्शने केली. निर्णय बदलला नाही. मात्र २०१९ मध्ये असे उघड झाले की काही लोकांनी त्या खेळाचा सर्व्हर आडवाटेने जिवंत ठेवला होता. त्यातून खेळाडूंनी चालवलेले नवे सर्व्हर उभे राहिले, आणि जानेवारी २०२४ मध्ये त्यांपैकी ‘होमकमिंग’ या गटाला मूळ कंपनीने रीतसर परवाना दिला. ही घटना मला महत्त्वाची वाटते, कारण मालकाची मालकी शाबूत राहूनही खेळ खेळणाऱ्यांच्या हाती देता येतो, हे तिने दाखवून दिले. मध्ये गेली ती अकरा वर्षे मात्र कोणी भरून देऊ शकत नाही.

येथे एक आक्षेप रास्तपणे घेतला जाईल. कोणत्याही व्यापाऱ्यावर तोट्याचे दुकान कायम उघडे ठेवण्याची सक्ती करता येणार नाही. सर्व्हरला वीज लागते, जागा लागते, देखरेखीला माणसे लागतात. त्या माणसांना पगार द्यावा लागतो. हे सारे मला मान्य आहे. माझ्या कामाच्या ठिकाणी या आक्षेपाचे उत्तर मांडणीवरच उभे असते. ‘सत्यकथा’ मासिक १९८२ मध्ये बंद झाले. त्यानंतर त्याचा नवा अंक आला नाही आणि येणारही नव्हता. पण आधीच्या अंकांची पाने त्या दिवशी कोरी झाली नाहीत. बांधलेले जुने खंड ग्रंथालयांतून आजही मागितले जातात. त्या मासिकाच्या अखेरच्या अंकानंतर वीस वर्षांनी जन्मलेली मुलगी त्यातली कथा वाचते, टिपण काढते, आणि मासिक तेवढ्यापुरते चालू होते. प्रकाशन थांबवण्याचा हक्क प्रकाशकाला आहेच. आधी दिलेले परत काढून घेण्याचा हक्क त्यात येत नाही. छापील पुस्तकाच्या बाबतीत ते शक्यही नव्हते, म्हणून या दोन हक्कांत फरक करण्याची गरज आजवर भासली नाही.

खेळांच्या बाबतीत ग्रंथालयांचे हात बांधलेले आहेत. अमेरिकेतील व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनने सॉफ्टवेअर प्रिझर्व्हेशन नेटवर्कच्या सहकार्याने केलेला एक अभ्यास जुलै २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. २०१० पूर्वी अमेरिकेत निघालेल्या खेळांपैकी ८७ टक्के खेळ आज बाजारात रीतसर मिळत नाहीत, असा त्याचा निष्कर्ष होता. २०१८ मध्ये तेथील प्रताधिकार कायद्याखाली ग्रंथालये, अभिलेखागारे आणि संग्रहालये यांना एक सवलत मिळाली : बंद झालेला ऑनलाइन खेळ त्यांना आपल्या वास्तूत चालू स्थितीत जतन करता येईल. अट अशी की त्यांच्याकडे सर्व्हरची आज्ञावली कायदेशीर मार्गाने आलेली असावी. ती देणारा मालक न भेटला तर सवलत कागदावर राहते. संग्रहातले जुने खेळ अभ्यासकांना दुरूनही वापरू द्यावेत, ही विनंती ऑक्टोबर २०२४ मध्ये नाकारण्यात आली. पुस्तकांच्या राज्यात आयुष्य काढलेल्या माणसाला हे सारे विपरीत वाटते. जतन करायला जागा आहे, माणूस आहे, इच्छा आहे. वस्तूच हाती येत नाही.

या प्रश्नाची एक बाजू भाषेची आहे, आणि भाषेच्या विद्यार्थ्याने तिच्याकडे लक्ष द्यावे. ‘विकत घेणे’ या आपल्या क्रियापदात एक निश्चिती आहे. विकत घेतलेली वस्तू माझी. ती मी वापरीन, मोडीन, कोणाला देईन, मुलांसाठी ठेवीन. भाड्याने घेणे, उसने घेणे, वापरायला आणणे यांसाठी मराठीत स्वतंत्र शब्दप्रयोग आहेत, आणि शेजारणीकडून विरजण आणतानाही आपण ते चुकत नाही. संगणकाच्या पडद्यावर मात्र ‘विकत घ्या’ असे लिहिलेले बटण दाबले की आपल्याला मिळतो तो वापरण्याचा परवाना, आणि तो देणाऱ्याला तो मागे घेता येतो. हे कलम लांबलचक करारात कोठेतरी लिहिलेले असते. कॅलिफोर्निया राज्याने सप्टेंबर २०२४ मध्ये यासंबंधी एक कायदा केला. तो १ जानेवारी २०२५ पासून लागू आहे. त्यानुसार डिजिटल वस्तू विकताना, ग्राहकाला मिळतो तो परवाना आहे हे स्पष्टपणे सांगितल्याशिवाय ‘खरेदी’ या अर्थाचे शब्द वापरता येत नाहीत. या कायद्याने खेळ वाचत नाहीत. त्याने शब्दाला त्याचा अर्थ परत दिला, इतकेच. पण हक्काच्या भांडणात पहिली लढाई बहुधा शब्दाच्या अर्थावरच होते.

‘द क्रू’ बंद झाल्यानंतर, एप्रिल २०२४ मध्ये रॉस स्कॉट या अमेरिकी व्हिडिओकाराने ‘स्टॉप किलिंग गेम्स’ नावाची मोहीम सुरू केली. तिच्यातून युरोपीय संघाच्या नागरिकांनी एक अधिकृत मागणीपत्र तयार केले. अशा मागणीपत्राला एका वर्षात १० लाख सह्या मिळाव्या लागतात. जुलै २०२५ च्या अखेरीस मुदत संपली तेव्हा सह्यांचा आकडा १४ लाखांच्या पुढे गेला होता. त्यांची मागणी माफक आहे. कंपनीने खेळ कायम चालवावा, असे ते म्हणत नाहीत. तिने थांबायचे ठरवले की खेळ खेळण्याजोग्या स्थितीत ठेवून थांबावे, एवढेच ते म्हणतात. एकट्याने खेळण्याची सोय करून द्यावी, किंवा खेळाडूंना आपला सर्व्हर आपण चालवता येईल असे साधन द्यावे.

खेळ-उद्योगाच्या बाजूनेही उत्तरे आली आहेत, आणि ती उडवून लावण्यासारखी नाहीत. खाजगी सर्व्हरवर खेळाडूंच्या माहितीचे रक्षण कोण करणार? तेथे कोणी गैर मजकूर घातला तर जबाबदारी कोणाची? पुष्कळसे खेळ मुळातच सर्व्हरभोवती रचलेले असतात. ते नंतर वेगळे काढणे खर्चाचे असते. हा शेवटचा मुद्दा मला सर्वांत वजनदार वाटतो. एका सर्व्हरच्या पोटात दुसऱ्या कंपन्यांकडून परवान्याने घेतलेले अनेक भाग असतात. ते सरसकट वाटून टाकता येत नाहीत. म्हणूनच ही तजवीज शेवटी करण्याची गोष्ट नाही. घर बांधतानाच जिन्याची जागा सोडावी लागते. मजला चढवल्यावर जिना आठवला तर भिंत फोडावी लागते.

ही तजवीज अशक्य नाही, याचे दाखले याच व्यवसायात आहेत. इड सॉफ्टवेअरने १९९६ मध्ये काढलेला ‘क्वेक’ खेळाडूंना आपल्याच संगणकावर सर्व्हर चालवू देत असे. १९९९ मध्ये त्या कंपनीने खेळाची मूळ आज्ञावलीच सर्वांसाठी खुली केली. तो खेळ आजही खेळला जातो. ‘नॉकआउट सिटी’ हा चेंडूफेकीचा खेळ जून २०२३ मध्ये त्याच्या कर्त्यांनी बंद केला, तेव्हा संगणकावर खेळणाऱ्यांसाठी खाजगी सर्व्हरची आवृत्ती त्यांनी मागे ठेवली. युबिसॉफ्टनेही सप्टेंबर २०२४ मध्ये ‘द क्रू’च्या पुढच्या दोन भागांना इंटरनेटशिवाय चालण्याची सोय देण्याचे जाहीर केले. पहिल्या भागाला ती मिळाली नाही.

मला कोणी विचारील की जगात पाण्यापासून शाळेपर्यंत इतक्या गोष्टींची वाण असताना एका खेळासाठी इतके लिहायचे कशाला? यावर माझे उत्तर असे आहे. माणसे दूर राहायला गेली आहेत. आपल्या राज्यातल्या कितीतरी घरांत एक खोली परदेशी गेलेल्या मुलाची म्हणून रिकामी आहे. त्या माणसांना एकमेकांशी बोलण्याची साधने मिळाली, पण काही न बोलता एकत्र बसण्याची ओसरी मिळाली नाही. काहींना ती खेळात सापडली. ओसरी कोणी बांधली याला महत्त्व आहे, बांधणाऱ्याला मोबदला मिळाला पाहिजे यालाही आहे. पण वर्षानुवर्षे तेथे बसणाऱ्यांनी तिला जे रूप दिले, ते बांधणाऱ्याचे नव्हते. आमच्या धक्क्याची लाकडे कंपनीच्या चित्रकाराने रंगवली होती. एकतीस दिवे त्याने ठेवले नव्हते.

सध्या आम्ही भावंडे दुसऱ्या एका खेळात भेटतो. तो निवडताना आम्ही चित्रे किंवा गोष्ट पाहिली नाही. पट कोणाकडे राहतो, ते पाहिले. या खेळाचा सर्व्हर आपल्याच संगणकावर चालवता येतो. भावाच्या तळघरात, कपडे धुण्याच्या यंत्राशेजारी एक जुना संगणक आहे. त्यावर आमचे गाव आहे. टोरांटोला हिमवादळात वीज गेली की ते गाव दिसेनासे होते. मग फोन येतो, “ताई, लाइट गेली होती, आता बघ,” आणि गाव जसेच्या तसे पुन्हा समोर उभे राहते. जुन्या बेटावरची तीन माणसे तेथे येतात. पाव विकणाऱ्या बाईंनी शेवटच्या रात्री आपला ई-मेल आम्हाला दिला होता, म्हणून त्या सापडल्या; इतर दोघे त्यांच्यामार्फत आले. ट्रकचालकाचा मात्र शोध लागला नाही. त्याचे खरे नाव आम्हाला कधीच ठाऊक नव्हते, आणि शेवटच्या रात्री तो बहुधा कोठेतरी रस्त्यावर होता. नव्या गावात त्याच्यासाठी जागा आहे, हे त्याला कळवायचे तर निरोप एकाच ठिकाणी ठेवता आला असता, आणि ते ठिकाण आता नाही.